भिंतीवरची रेघ

ही रेघ बघा. फळ्याच्या दोन्ही अंगांना, बरोबर मध्यावर. रंग दोनदा दिला, तरी ओल धरली की वर येतेच. 2019च्या ऑगस्टमधलं हे पाणी. त्या आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली; तिथली धोक्याची पातळी 45 फूट. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 55 फूट ओलांडले. या दोन्ही नद्या नृसिंहवाडीला एकत्र येतात. शिरोळ तालुक्यातल्या पोरांना पूर काही भूगोलाच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही.

पूर भूकंपासारखा न सांगता येत नाही, एवढी त्याची मेहेरबानी. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43ला धोका. मध्ये जे तास मिळतात, त्यात शाळेचं पुढचं वर्ष ठरतं.

आधी काय उचलायचं? नवखा माणूस संगणकाकडे धावतो. मुरलेले मुख्याध्यापक कपाटातून जनरल रजिस्टर काढतात. लांबट, जाडजूड, कडा झिजलेलं. कुणाच्या आजोबांचं नाव, जन्मतारीख, जात, सगळं त्यात. गावात कुणाला जातीचा दाखला काढायचा झाला, की जुनी नोंद शोधायला माणूस इथंच येतो. संगणक दुसरा मिळेल. 1940 सालचं पान कुठून आणणार? म्हणून रजिस्टर प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक पोत्यात, आणि पोतं कुणाच्या तरी माडीवर.

ती माडी कुणाची, हाच खरा प्रश्न. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन-चतुर्थांश पालक असतात. समिती खरोखर बसत असेल, तर ट्रॅक्टर कुणाचा, पोषण आहाराचा तांदूळ कुठं, बाकं कोण हलवणार, हे जूनमध्येच ठरलेलं असतं. सह्यांपुरती असेल, तर भर पावसात मुख्याध्यापक एकटेच फोन लावत बसतात.

आणि बाकीचे शिक्षक? ते पूरग्रस्तांच्या छावणीवर. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमानं जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य ही कामं शिक्षकांना देता येतात. छावणीही बऱ्याचदा शाळेतच, उंचावरच्या. एक शाळा पाण्यानं बंद, दुसरी माणसांनी. घर बुडालेल्याला दार लावता येत नाही, लावूही नये. पण छावणी उठल्यावर संडास कोण धुणार, याचं उत्तर आधी मिळालं तर तिथले वर्ग लवकर भरतात.

पाणी ओसरतं, गाळ राहतो. पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटलेली, वास नाकातून जाता जात नाही. सगळं बाहेर काढून टाकावंसं वाटतं, पण आधी पंचनामा. बाक कुजलं तरी डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, ते ठणठणीत असतं. रीतसर निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे त्या वहीतून नाव कमी होईपर्यंत, त्याला मरण नाही. हिशेब हवाच, पण तोवर पोरं बसतात फरशीवर, ओल्या.

2021च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा प्राथमिकचे वर्ग कोरोनामुळे आधीच बंद होते, अभ्यास मोबाईलवर. पुरात वीज गेली, की शाळा तिथंच थांबली.

आता पुन्हा त्या रेघेकडे या. तिच्या हातभर वर भिंतीत दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकलेत, रजिस्टरांसाठी. फळी अजून बसायची आहे.