वास नव्या बुटाला नसतो

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनमधलं एक हॉटेल. कॅनडाहून आलेला सर हेन्री नावाचा तरुण तिथे उतरलाय. काका वारल्यामुळे गावाकडचा वाडा आणि इस्टेट त्याच्याकडे आलीय. रात्री त्याने नवे कोरे तपकिरी बूट पॉलिशसाठी दाराबाहेर ठेवले, तर सकाळी जागेवर एकच. बरं, असेल कुणी भुरटा चोर. पण मग त्याच्या जुन्या काळ्या जोडातलाही एक बूट गेला, आणि तपकिरी मात्र खोलीतल्याच कपाटाखाली सापडला. नवा परत करून जुना नेणारा हा कुठला चोर?

‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या शेरलॉक होम्सच्या कादंबरीतला हा प्रसंग. आर्थर कॉनन डॉइल यांनी ती १९०१ ते १९०२ मध्ये स्ट्रँड मासिकातून क्रमशः लिहिली. सव्वाशे वर्षं होत आली, तेव्हा आज गुपित फोडलं तर रागावू नका. बुटाचं कोडं आपल्या साक्रीकडच्या एखाद्या ठेलारी मेंढपाळाला घाला. तो मेंढरांवरची नजर न काढता सांगेल, की कुत्र्याला माग द्यायचा तर पायातलं जुनं पायताण लागतं, दुकानातून आणलेल्या नव्याला माणसाचा वास कुठला? होम्सला हे तेव्हाच कळलेलं असतं. तो सांगतो मात्र पंधराव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणात. जुन्या बुटासाठी एवढी धडपड चाललीय, म्हणजे घराण्याचा शाप म्हणून लोक ज्याला घाबरतात ते माळावरचं कुत्रं भूत नव्हे, हाडामांसाचं आहे.

अख्खी कादंबरी या वासावर उभी आहे. सर हेन्री आपले जुने कपडे नोकराला देतो. नोकर ते माळरानावर लपलेल्या आपल्या मेव्हण्याला देतो, हा तुरुंगातून पळालेला कैदी. कुत्रं त्याच्यामागे लागतं आणि तो कडेलोट होऊन मरतो. भुताने माणूस ओळखण्यात चूक केली नसती. चूक झाली ती कपड्यांच्या वासामुळे.

या कादंबरीवर पडद्यासाठी बरीच रूपांतरं झाली. रूपांतर मूळ कथेशी इमान राखतं की नाही, हे ठरवताना आपण सहसा पात्रांची नावं, वाडा, धुकं, शेवट ताडून बघतो. रहस्यकथेपुरती मला ही मोजपट्टी तोकडी वाटते. वाचकापुढे पुरावा उघडा ठेवायचा, त्याला घाबरवायचं, आणि मग त्याच पुराव्याने भीतीचा उलगडा करायचा, हा या कथेचा करार आहे. तो पाळला की खानसाम्याचं नाव बदललं तरी माझी तक्रार नाही.

या पट्टीने १९५९ चा हॅमर कंपनीचा चित्रपट बघू. पीटर कुशिंग होम्स, क्रिस्टोफर ली सर हेन्री, आणि सगळं झगझगीत रंगांत. यातही बूट हरवतो. पण उरलेल्या बुटातून एक भलामोठा विषारी कोळी निघून सर हेन्रीच्या अंगावर चढतो. पुस्तकात या कोळ्याचा मागमूस नाही. प्रेक्षकाचा श्वास अडकतो, कबूल, मीही सरसावून बसलो होतो. पण बुटाकडे बघून ज्याने डोकं चालवायचं तो आता कोळ्याकडे बघत राहतो. पुरावा होता, त्याचा खेळ झाला. कुशिंगचा होम्स मात्र मला फार आवडतो, त्याबद्दल वाद नको.

दिग्दर्शकांची एक खरी अडचणही समजून घ्यायला हवी. या कादंबरीत होम्स मधली जवळपास सहा प्रकरणं गायब आहे. आपला मित्र वॉटसन याला सर हेन्रीसोबत पाठवून तो लंडनला राहतो, निदान आपल्याला तसं वाटतं. मग आपण वॉटसनची पत्रं आणि रोजनिशी वाचतो. खिडकीत मेणबत्ती धरून खुणा करणारा नोकर, रात्री ऐकू येणारं हुंदक्यांचं रडणं, टेकडीवर चंद्रासमोर उभी अनोळखी आकृती. तो अनोळखी माणूस म्हणजे दगडी झोपडीत मुक्काम ठोकून बसलेला होम्सच. वाचताना त्याची उणीव हीच भीती होते. भरवशाचा माणूस जवळ नाही म्हणून तर माळ अंगावर येतो. पण ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो पाऊण तास पडद्यावरून नाहीसा करायला कुठला निर्माता तयार होईल? १९३९ च्या चित्रपटात होम्स झालेल्या बेसिल रॅथबोनला फेरीवाल्याचं सोंग देऊन मध्येच आणलंय. वर कथेतल्या डॉक्टर मॉर्टिमरच्या बायकोला मृतात्म्यांशी बोलायला बसवलंय. तेही पुस्तकात नाही.

आणखी एक अडचण तर कॅमेऱ्याचीच आहे. वाड्यात पूर्वजांची चित्रं टांगलेली आहेत. होम्स त्यातल्या ह्यूगो बास्करव्हिलच्या चित्रासमोर दिवा धरतो, रुंद टोपी आणि लांब केसांच्या बटा हाताने झाकतो, आणि उरलेला चेहरा शेजारी राहणाऱ्या स्टेपलटनचा निघतो! म्हणजे हा त्याच घराण्यातला, इस्टेटीवर डोळा असलेला. छापील पानावर डॉइल आपल्याला हवं तेव्हाच बघू देतात. पडद्यावर चित्र आणि नट दोघेही उघडे. साम्य जास्त झालं तर मागच्या रांगेतलं पोरगंही ओळखतं, कमी झालं तर उलगडा पटत नाही.

जेरेमी ब्रेट होम्स झालेला १९८८ चा टीव्ही चित्रपट पुस्तकाचा पदर फारसा सोडत नाही, तरी मला तो सुस्त वाटतो. उलट बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेतला २०१२ चा भाग वरवर सगळंच मोडतो. बास्करव्हिल तिथे वाडा नसून लष्कराची संशोधन-संस्था, दलदलीच्या जागी भूसुरुंगांचं रान, आणि अक्राळविक्राळ कुत्रं दिसतं ते वायूने डोकं भरकटल्यामुळे. पण करार पाळलाय. जुन्या काळी लोक वाड्याच्या शापाला घाबरत, आता बंद दारांआडच्या प्रयोगशाळेला घाबरतात, आणि खुलासा दोन्हीकडे रसायनाचाच. कादंबरीत कुत्र्याच्या जबड्याला फॉस्फरस लावलेला असतो. मला हा भाग ब्रेटच्या चित्रपटापेक्षा जास्त इमानी वाटतो. पटत नसेल तर जरूर भांडा.

आता आपल्याकडचा अवतार. १९६२ चा ‘बीस साल बाद’. दिग्दर्शक बिरेन नाग, निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार, पडद्यावर विश्वजित आणि वहिदा रेहमान. आमच्याकडे तो अमळनेरच्या यात्रेत बोरीच्या पात्रात लागलेल्या तंबूत पाहिला गेला. लताबाईंचं ‘कहीं दीप जले कहीं दिल’ सुरू झालं की अंधारातून कुणीतरी हमखास विचारायचा, ‘आते काय व्हई रे भो?’ यात कुत्रं नाही, बूट नाही, आणि गुप्तहेर म्हणून येतो तो असित सेन, हसवायला. माझ्या पट्टीने हा चित्रपट सरळ नापास व्हायला हवा, आणि इमानी रूपांतर म्हणून मी त्याचं नाव घेणारही नाही.

पण त्याने एक गोष्ट केली, जी वर सांगितलेल्या एकाही विलायती अवताराने मनावर घेतली नाही. कादंबरीतल्या शापाची सुरुवात होते एका शेतकऱ्याच्या मुलीपासून. ह्यूगो तिला पळवून वाड्यात कोंडतो, ती वेलीला धरून खाली उतरते, माळावरून घराकडे पळते, आणि भीतीने व थकव्याने मरते. डॉइल तिला नावसुद्धा देत नाहीत. पुढची सगळी धावपळ इस्टेट कुणाला मिळणार याची. हिंदी चित्रपटाने इस्टेटीची भानगड बाजूला सारली आणि जमीनदाराने नासवलेल्या मुलीचा सूड हाच खुनाचा हेतू केला. खुनी कोण ते सांगत नाही, तुमच्यापैकी काहींनी तो अजून पाहिला नसेल.

नमस्कार.