खर्जाच्या तारेतला गंधार

(ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मराठी श्रोत्यांपुढे कान-नाक-घसा तज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ग्वाल्हेरात कानाविषयी बोलायचं म्हणजे धाडसच. समोर बसलेले निम्मे लोक गातात आणि उरलेले गाणाऱ्यांच्या चुका काढतात. तानसेनच्या समाधीपाशी चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असं आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. कानासाठी मात्र कुणी एखादं झुडूपसुद्धा राखलेलं नाही. म्हणून आज कानाची बाजू मांडतो.

तंबोऱ्यापासूनच सुरुवात करू. काळी एकच्या पट्टीत, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, पुरुषाचा तंबोरा लावला, तर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते. जवारी, म्हणजे तारेखालच्या घोडीची घडण, नीट बसली असेल तर त्याच तारेतून वरती गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू येतो; बुवा लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो भास नव्हे. तार पूर्ण लांबीने हलते, तशीच निम्म्यात, तिसऱ्या हिश्श्यात, पाचव्या हिश्श्यातही हलते. ६९ची पाचपट साडेतीनशेच्या जवळ जाते, आणि तोच दोन सप्तकं वरचा गंधार. घोडीच्या किंचित गोलाईमुळे हे वरचे स्वर ठळक होतात. सी. व्ही. रमण यांनी १९२१ साली या गोष्टीवर लिहून ठेवलंय.

आता गंमत बघा. हवेत हे स्वर वेगवेगळे नसतात. कानाच्या पडद्यावर येऊन पोचते ती सगळी मिळून एकच थरथर. मग त्यातून गंधार निवडून काढतं कोण?

पडद्यामागे तीन चिमुकली हाडं आहेत. पडद्यावरचा दाब ती वीसेक पटींनी वाढवून पुढे देतात, कारण पुढे हवा नाही, द्रव आहे. हा द्रव असतो कॉक्लियात. अडीच वेटोळ्यांची ही नळी उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात लांबीभर एक पातळ पट्टी ताणलेली असते, तोंडाशी अरुंद आणि ताठ, शेंड्याशी रुंद आणि सैल. खूप उंच आवाज तिला तोंडापाशीच हलवतात, खर्ज शेंड्यापर्यंत जातो. ६९, १३८, २०७, ३४६, ज्याची त्याची जागा ठरलेली. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत व्यक्तींच्या कानात ही लाट प्रत्यक्ष पाहिली आणि १९६१ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण त्यांना दिसलेली लाट पसरट होती. तेवढ्यावर कोमल आणि अतिकोमल ऋषभातला फरक कुणालाच कळला नसता. जिवंत कानात आणखी काहीतरी असलं पाहिजे, असं थॉमस गोल्ड यांनी १९४८ सालीच म्हटलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक मायक्रोफोन बसवला आणि एक ‘टक्’ असा आवाज सोडला. काही मिलिसेकंदांनी कानातून आवाज परत आला! कान स्वतः आवाज करतो. आज नवजात बाळाला ऐकू येतं की नाही हे आम्ही याच खुणेवरून तपासतो. बाळ झोपलेलं असलं तरी चालतं, किंबहुना झोपलेलंच बरं.

हा आवाज करतं कोण? त्या पट्टीवर केसपेशींच्या, म्हणजे टोकाला केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या, चार रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार पेशी. मेंदूकडे बातमी नेणारे बहुतेक सगळे तंतू यांच्याकडूनच निघतात. बाहेरच्या तीन रांगांत बाराएक हजार पेशी. त्या मेंदूला जवळपास काहीच कळवत नाहीत, त्या नाचतात. स्वर आला की त्याच तालावर लांब-आखूड होतात आणि पट्टीची नेमकी तेवढीच जागा जोराने हलवतात. त्यामुळे हळू आवाज मोठा होतो आणि शेजारशेजारचे स्वर सुटे होतात. माझ्या मते संगीताचा कान म्हणतात तो इथून सुरू होतो. घराणं नंतर येतं.

सुटे केलेले स्वर मेंदू परत जोडतो. जुना टेलिफोन ३०० हर्ट्झच्या खालचं काही पाठवतच नसे, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर असतो शंभर-सव्वाशेच्या घरात. तरी वडिलांचा फोन आला की तो भरदार आवाजच ऐकू यायचा. वरच्या पटींवरून मेंदू मूळ स्वर भरून काढायचा.

आता दुखरी बाजू. नाचणाऱ्या पेशी मोठ्या आवाजाने मरतात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात! आपल्या नशिबी ते नाही. ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होते. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. मॅरेज गार्डनच्या फाटकात वरात किती वेळ नाचते, ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय २००९ साली बॉस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना शंभर डेसिबल दोन तास ऐकवले. ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि तंतूंमधले जोड मोठ्या प्रमाणात कायमचे गेले होते. म्हणजे चाचणी नॉर्मल आणि नुकसान झालेलं.

आधी जातात त्या तोंडाजवळच्या, उंच स्वरांच्या पेशी. स, श, ख, फ ही व्यंजनं तिथंच राहतात. अ, आ, इ हे बोलण्यातले स्वर खाली असतात, ते टिकतात. म्हणून आजोबा म्हणतात, “ऐकू येतंय रे, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.” आपण ‘सात वाजता’ म्हणतो, ते आठला तयार होऊन बसतात. मग आपण आवाज चढवतो, तर “ओरडतोस कशाला?” हा हेकटपणा नाही हो. हळू आवाज मोठा करणाऱ्या पेशी गेल्या, पण मोठा आवाज आतल्या रांगेला पूर्वीइतकाच जोरात लागतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांत अंतरच उरत नाही.

श्रवणयंत्र लावल्यावरही पहिले काही आठवडे पंखा, भांडी, पेपरची सळसळ सगळं अंगावर येतं. मेंदूला त्याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि नेमकं याच काळात यंत्र डबीत जातं. रोज थोडा थोडा वेळ वाढवत लावावं. घरच्यांनी स्वयंपाकघरातून हाका मारू नयेत. टीव्ही बंद करून, समोर बसून, ओठ दिसतील असं, नेहमीच्याच आवाजात जरा सावकाश बोलावं.

प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतल्यांनी पुढे या, म्हणजे माईक बंद करता येईल.