आधी शब्द, मग हात

(ह्यूस्टनजवळ मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात झालेलं बोलणं, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं)

मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. मुलं पलीकडच्या खोलीत खेळतायत ते चांगलंय, कारण आज बोलायचंय ते पिस्तूल जवळ असताना पोलिसांनी गाडी थांबवली तर काय करायचं यावर, आणि त्यातलं काही मला त्यांच्यासमोर बोलायला जड गेलं असतं.

माझी फार्मसी आहे हे इथल्या बऱ्याच जणांना माहितीये. रात्री नऊला बंद करायची, मग हिशोब, मग मी एकटी पार्किंगमधून गाडीपर्यंत. काही वर्षांपूर्वी दोन माणसं काउंटरवरून उडी मारून आत आली आणि औषधांच्या बाटल्या पिशवीत भरून घेऊन गेली, आम्हाला कुणाला लागलं नाही, पण त्यानंतर मी लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगायचा टेक्ससचा परवाना, काढलं. क्लास केला, नेमबाजीच्या रेंजवर पन्नास गोळ्यांची परीक्षा दिली, तीन यार्डांवरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा. पास झाले. नेम धरायला शिकले, कायदाही शिकले, पण रात्री आरशात लाल-निळे दिवे दिसले की मांडीशेजारच्या पर्सचं काय करायचं, हे मला रस्त्यावरच शिकावं लागलं.

हायवे सहावर, रात्री साडेदहा वाजलेले. नऊ वर्षांचा मुलगा मागच्या सीटवर, त्याला मैत्रिणीकडून उचललं होतं आणि तिने त्याच्या हातात चिवड्याची पिशवी दिलेली. माझा एक टेल लाइट गेलेला, मला पत्ताच नाही. कॉपने पुलओव्हर केलं, मी शोल्डरला गाडी घेतली, काच खाली केली, हात स्टीअरिंगवर ठेवले. तो आला, नीट बोलला, लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की पाकीट पर्समध्ये आहे आणि पिस्तूलही त्याच पर्समध्ये आहे, मधे फक्त एक चेनचा कप्पा. म्हणजे त्याने जे मागितलंय ते द्यायचं तर मला हात नेमका पिस्तुलाकडेच न्यायला लागणार.

तोंडाला कोरड पडली. मी म्हटलं, ऑफिसर, माझ्याकडे कॅरी लायसन्स आहे, पिस्तूल त्या पर्समध्ये आहे, माझं पाकीटही त्यातच आहे, मी हात लावत नाहीये, तुम्ही सांगा मी काय करू. आणि तेवढ्यात मागून खर्रकन आवाज झाला. चिवड्याची पिशवी. ऑफिसरचा हात कमरेकडे गेला, आणि मी मान न वळवता मराठीत ओरडले, "ठेव ते खाली, हात वर कर!" आता विचार करा, त्याला यातलं एक अक्षर कळलं नाही, त्याच्या दृष्टीने एक बाई जिच्याजवळ पिस्तूल आहे ती मागच्या अंधारात बसलेल्या कुणाला तरी अनोळखी भाषेत हुकूम देतेय. त्याने विचारलं, काय सांगितलंत तुम्ही त्याला? मी इंग्रजीत सांगितलं, माझा मुलगा आहे, नऊ वर्षांचा, त्याच्या हातात खाऊ आहे. त्याने टॉर्च मागे मारला, बघितलं, आणि मग श्वास सोडला, मला ऐकू आला तो.

नंतर त्याने मला उतरवून गाडीच्या मागे उभं केलं, पर्स स्वतः उचलली, पिस्तूल रिकामं केलं, कार्ड तपासलं. वीसेक मिनिटं गेली. शेवटी लेखी वॉर्निंग दिली, पिस्तूल डिकीत ठेवलं, मॅगझिन वेगळं, आणि "मी इथून जाईपर्यंत डिकी उघडू नका" म्हणाला. घरी येईपर्यंत माझे गुडघे थरथरत होते.

त्याने मला उतरवलं ते त्याच्या अधिकारात बसतं. १९७७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पेन्सिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या केसमध्ये सांगितलंय की कायदेशीर ट्रॅफिक स्टॉपमध्ये पोलीस ड्रायव्हरला गाडीतून उतरायला सांगू शकतो, आणि १९९७च्या मेरीलँड विरुद्ध विल्सनमध्ये तेच बाकीच्या बसलेल्यांनाही लागू केलं. पिस्तूल तात्पुरतं काढून घेणंही टेक्ससच्या कायद्यात आहे, सुरक्षेसाठी गरज आहे असं ऑफिसरला सकारण वाटलं तर तो घेऊ शकतो आणि तुम्हाला जाऊ देताना परत द्यायचं असतं. तेव्हा कुणी उतरा म्हटलं तर तिथे वाद घालू नका. पटलं नाही तर नंतर तक्रार करा, वकील गाठा.

आता फिलँडो कॅस्टीलबद्दल बोलायचंय. नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, पण नेमकं काय झालं ते सावकाश ऐका.

६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स, सेंट पॉलला लागून. कॅस्टील बत्तीस वर्षांचा, शाळेच्या कॅफेटेरियात सुपरवायझर, मुलांना जेवण वाढणारा. त्याच्याकडे पिस्तूल बाळगायचं परमिट होतं. ब्रेक लाइटचं कारण सांगून गाडी थांबवली, खरं म्हणजे ऑफिसरला तो एका दरोड्यातल्या संशयितासारखा वाटला होता. गाडीत त्याची मैत्रीण, मागे तिची चार वर्षांची मुलगी. ऑफिसरने लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं, त्याने इन्शुरन्सचं कार्ड दिलं, आणि मग शांतपणे, सर म्हणून, सांगितलं की माझ्याजवळ फायरआर्म आहे. ऑफिसर म्हणाला, मग त्याला हात घालू नकोस. तो म्हणाला मी काढत नाहीये. मैत्रीण म्हणाली तो काढत नाहीये. सात गोळ्या. ऑफिसर काचेशी आल्यापासून एक मिनिटही झालं नव्हतं. पिस्तूल नंतर त्याच्या खिशातच सापडलं. २०१७च्या जूनमध्ये ज्यूरीने त्या ऑफिसरला निर्दोष सोडलं.

मला इथे स्पष्ट बोलायचंय. कॅस्टीलने सांगायला हवं ते सांगितलं होतं, आणि तरी तो मेला, आणि त्याचा दोष मी त्याच्यावर टाकणार नाही. त्याला आयुष्यात चाळीसहून जास्त वेळा पोलिसांनी रस्त्यात थांबवलं होतं, काळा माणूस असण्याशी त्याचा संबंध नाही असं मला कुणी सांगू नये. सरकारने ज्याला परमिट दिलंय त्याने परमिटचं नाव काढल्यावर सरकारच्याच माणसाने घाबरावं हे चूक आहे, आणि ते बदलायचं काम पोलीस खात्यांचं आहे, ट्रेनिंग देणाऱ्यांचं आहे. पण ते बदलेपर्यंत उद्या रात्री मला दुकानातून घरी यायचंय, तुम्हालाही यायचंय, म्हणून त्या एका मिनिटात आपल्या हातात काय असतं ते बघू.

माझ्या मते बरंचसं गाडी सुरू करायच्या आधीच ठरतं. माझी चूक पर्सची होती. ज्या जागी पिस्तूल त्या जागी कागद नकोत, इतकं साधं. आता माझं ड्रायव्हिंग लायसन्स आणि कॅरी लायसन्स एका छोट्या पाकिटात समोर सन व्हायजरला, म्हणजे काचेवरच्या उन्हाच्या झडपेला, असतं, इन्शुरन्सही तिथेच, आणि पिस्तूल कमरेला होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. उजव्या कमरेला पिस्तूल असेल तर मागच्या उजव्या खिशात पाकीट ठेवू नका. ग्लव्ह बॉक्समध्ये पिस्तूल असेल तर इन्शुरन्सचा कागद तिथे नको. पर्समध्ये तर मी आता पिस्तूल ठेवतच नाही, मैत्रिणींनो, त्याची इतर कारणंही आहेत, घरात मुलं पर्समध्ये हात घालतात.

मग दिवे दिसले की. इंडिकेटर द्या, उजेडाची सुरक्षित जागा बघून थांबा, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली, दोन्ही हात स्टीअरिंगच्या वरच्या बाजूला. आणि मग थांबा. आपल्या लोकांना हे थांबणंच जमत नाही. पुण्या-मुंबईत मामांनी शिट्टी मारली की आपण काय करतो, गाडी बाजूला लावतो, उतरतो, कागद घेऊन त्यांच्याकडे चालत जातो, "साहेब, साहेब" करत. तिथे तो मान देणं आहे, बसून राहिलो तर उद्धटपणा दिसतो. इथे तुम्ही दार उघडून पोलिसाकडे चालत निघालात की त्याला तो हल्ला वाटू शकतो. आपले आईवडील इथे येऊन गाडी चालवत असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा, पिस्तूल असो नसो. दुसरं म्हणजे, तो काचेशी यायच्या आत मदत म्हणून वाकून ग्लव्ह बॉक्स उघडून ठेवणं. त्याला मागून फक्त एवढंच दिसतं की माणूस खाली वाकला.

तो मागेल तेव्हा काय बोलायचं? पहिला शब्द "गन" नको. तो शब्द मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या पोलिसाने अर्धवट ऐकला तर त्याच्यापुरता तो इशारा होतो. सुरुवात लायसन्सपासून करा, की माझ्याकडे लायसन्स टू कॅरी आहे, आत्ता जवळ आहे, उजव्या कमरेला आहे, माझे कागद वर व्हायजरला आहेत, मी कसं करू? आणि त्याचं उत्तर येईपर्यंत बोटही हलवायचं नाही. त्याने घ्या म्हटलं तर "आता उजवा हात वर नेतेय" म्हणत न्यायचा. पिस्तुलाला हात लावून दाखवायचं नाही, बोटाने दाखवायचं नाही, काढून देऊ का विचारायचं नाही. आणि मान हलवून उत्तर देऊ नका. आपण जी मान हलवतो ना, बरं-बरं अशी, ती त्यांना नाही वाटते. येस सर, नो सर, तोंडाने. शेजारी बसलेल्यांनी आणि मागे बसलेल्यांनीही हात दिसतील असे ठेवायचे, आणि सगळे जण त्या वेळी इंग्रजीतच बोलणार हे घरी ठरवून ठेवा. चिवड्याची पिशवी मी विसरणार नाही कधी.

कायद्याचं थोडक्यात सांगते. टेक्ससमध्ये पिस्तूल जवळ असताना पोलिसाने ओळखपत्र मागितलं की लायसन्सवाल्याने दोन्ही कार्डं दाखवायची. १ सप्टेंबर २०२१पासून, कायद्याने बंदी नसलेल्या एकवीस वर्षांवरच्या माणसाला लायसन्स नसतानाही पिस्तूल बाळगता येतं, त्यांना आपणहून सांगायची सक्ती नाही, पण मी म्हणेन सांगा. राज्य बदललं की हे बदलतं. मिशिगनमध्ये थांबवल्याबरोबर आपणहून सांगावं लागतं. ओहायोत २०२२च्या जूनपर्यंत तसंच होतं, आता विचारलं तरच. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आपलं लायसन्स मानतच नाहीत. लाँग ड्राइव्हला निघायच्या आधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम त्या राज्याच्या अधिकृत साइटवर बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि आता ज्यासाठी मी मुद्दाम आले ते. इथे बसलेले निम्मे लोक नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असतील, एल-वनवर असतील, मुलं शिक्षणाच्या एफ-वनवर. ऐका. अशा नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणं हा फेडरल गुन्हा आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाशी बोलल्याशिवाय गृहीत धरू नका. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत जाऊ शकते. टेक्ससमध्ये सगळ्यांना चालतं हो, असं ऑफिसमधला मित्र सांगतो, त्याला चालतं कारण तो सिटिझन आहे. ग्रीन कार्डवाल्याला चालतं, तुम्हाला नाही. आणि "जवळ" म्हणजे फक्त कमरेला असंही नाही. समजा नवरा ग्रीन कार्डवर, त्याचं पिस्तूल दोन सीटांमधल्या कन्सोलमध्ये राहिलं, आणि बायको, जी अजून एच-वन-बीवर आहे, ती तीच गाडी घेऊन पटेलांकडे भाजी आणायला गेली. तिथे तिला थांबवलं आणि विचारलं, गाडीत काही शस्त्र आहे का? काय उत्तर देणार ती? तिला माहिती होतं आणि ते तिच्या हाताशी होतं, एवढ्यावरही सरकार केस उभी करू शकतं. असा एक फोन मला आलाय, रात्री, रडत. पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं नाही म्हणून निभावलं. तेव्हा ज्यांच्या घरात असं मिश्र स्टेटस आहे त्यांनी गाडी घरी आली की पिस्तूल आत न्या, तिजोरीत ठेवा, आणि त्या तिजोरीचा कोड फक्त ज्याला कायद्याने चालतं त्यालाच माहिती असू दे.

भारतात जाताना हीच काळजी बॅगेची घ्या. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका, तळाच्या शिवणीत एखादं काडतूस राहतं आणि मुंबईच्या विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली उभं राहावं लागतं. मी माझी रेंजची बॅग लाल रंगाची घेतलीय, चुकूनही कपड्यांना वापरली जाऊ नये म्हणून.

टीनेजर मुलांबद्दल एक. टेक्ससने २०१७मध्ये कायदा केलाय की हायस्कूलमधल्या मुलांना पोलिसांनी थांबवल्यावर कसं वागायचं ते शिकवायचं. चांगलं आहे, पण मुलाला विचारा किती आठवतंय. आमच्याकडे आम्ही महिन्यातून एकदा ड्राइव्हवेमध्ये याचा सराव करतो. मी काचेशी येते, टॉर्च मारते, माझा मुलगा सगळं म्हणून दाखवतो. पहिल्या वेळी त्याने "शुअर" म्हणून सरळ खिशात हात घातला होता.

आता प्रश्न इथे बसून नको, बाहेर पार्किंगमध्ये चला. माझी गाडी दाराशीच आहे, त्यात निळ्या प्लास्टिकचं सरावाचं पिस्तूल आहे, होल्स्टरसकट, खरं आज मी आणलेलं नाही. एकेकाने ड्रायव्हर सीटवर बसायचं, मी ऑफिसर होणार. आधी ज्यांनी कधीच केलं नाही ते या. वहिनी, तुम्ही पहिल्या, आणि पर्स घेऊनच या.