नदीला वाट देणारी भिंत

(दृश्य: पसरणी घाटातलं वळण. सकाळ. खाली खोऱ्यात धुकं.)

पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात एकदा तरी गाडी बाजूला घ्या. खाली कृष्णेचं खोरं उलगडलेलं दिसतं. भोवती पांडवगड, वैराटगड, सोनजाई, आणि मध्ये कौलांची, झाडांची, देवळांच्या शिखरांची दाटी. ती वाई. महाबळेश्वरात उगम पावलेली ही नदी पुढे जवळजवळ १,४०० किलोमीटर चालून आंध्रात समुद्राला मिळते. वाईला मात्र ती अजून माहेरच्या अंगणातच असते.

वाईला दक्षिण काशी म्हणतात. हे बिरुद आणखीही काही गावांना आहे, पण इथे त्याला जागणारी एक ओढ जाणवते. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत गेला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते, अशी श्रद्धा आहे. त्या पर्वाला कन्यागत म्हणतात. मागचा कन्यागत २०१६ साली झाला. काशीला जाणं ज्यांना कधी जमलंच नाही, अशा किती आज्यांनी या पायऱ्यांवर गंगा भेटल्याचं समाधान घेतलं असेल!

(दृश्य: गणपती आळीचा घाट. देवळाचं शिखर, मग दगडी भिंत अगदी जवळून.)

वाईत आलेला माणूस पहिल्यांदा जातो तो ढोल्या गणपतीला. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या, आणि वाईतली बरीच देवळं याच घराण्याच्या हातची. गणपतीची मूर्ती एका अखंड दगडातली. अंगानं एवढी भरलेली, की 'ढोल्या' हे नाव कुणी मुद्दाम ठेवावंच लागलं नसेल.

दर्शन झालं, प्रसाद घेतला, की बहुतेक लोक चपला घालून निघतात. तुम्ही निघू नका. देवळाला वळसा घालून मागे या.

ही मागची भिंत बघा. देवळाची भिंत सरळ असते, ही सरळ नाही. दोन्ही बाजूंनी निमुळती होत पुढे टोकाला आलेली आहे, माशाच्या आकाराची. पावसाळ्यात कृष्णा फुगायची, घाटाच्या पायऱ्या चढून वर यायची. सपाट भिंतीवर पाण्याचा लोंढा धडकला असता, तर भिंत एखाद्या वर्षी गेलीच असती. इथे लोंढा टोकावर येतो, दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. नावेचं तोंड पाणी कापतं, तसंच. फरक एवढाच, की इथे नाव जागची हलत नाही, पाणी चालतं.

मला वाईतलं सगळ्यात सुंदर काही विचाराल, तर मी या भिंतीकडे बोट दाखवीन. ज्यानं ही आखली त्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. पण नदी येणार, हे त्यानं धरून ठेवलं होतं. तिला अडवायचं नाही, वाट करून द्यायची, एवढं त्याच्या मनात पक्कं होतं. दगडावर हात ठेवून बघा. सावलीतला हा दगड दुपारीसुद्धा गार लागतो.

शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, आनंदराव रास्त्यांनी १७५७ साली बांधलेलं. पुढच्या मंडपातल्या नंदीपाशी जरा बसा.

(दृश्य: घाटावरचा मांडव, ओटी भरणाऱ्या बायका. कीर्तनाचा आवाज.)

नदीला वाई नुसतं कृष्णा म्हणत नाही, कृष्णाबाई म्हणते. थंडी सरायला लागली की कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, आणि तो अख्ख्या गावाचा एकदम नसतो. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, मधली आळी, गंगापुरी, अशी एकेक आळी आपापल्या घाटावर कृष्णाबाईला बसवते. एकीकडचा मांडव उतरला की दुसरीकडे पाहुणचार. बायका ओटी भरायला येतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. संध्याकाळी कीर्तन, आरती, आणि एक दिवस घाटावरच पंगती.

अफझलखान १६५९ मध्ये इथेच तळ देऊन होता. शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं परंपरा सांगते. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा नवस गाव अजून फेडतं आहे.

आता जे दाखवायचं आहे ते दाखवताना जीव तुटतो, पण कॅमेरा फिरवून घेणं बरोबर नाही. उन्हाळ्यात घाटाशी पाणी साचतं, हिरवं पडतं. वर धोमचं धरण आहे, त्यामुळे नदी पूर्वीसारखी आपल्या मर्जीनं वाहत नाही. त्यात गावाचं सांडपाणी, निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या. जिची ओटी भरतो, तिच्याच पदरात आपण हे टाकतो. ते आपल्यातल्याच कुणाच्या हातून पडलेलं असतं, आपल्यासारख्या एका दिवसाच्या पाहुण्यांच्या हातूनही.

(दृश्य: जुन्या वाड्याचं दार. पुस्तकांच्या रांगा.)

वाईचं आणखी एक वैभव चालत्या गाडीतून दिसत नाही. नारायणशास्त्री मराठे यांनी इथे प्राज्ञपाठशाळा उभी केली. वेदान्त शिकायला तरुण विनोबा त्यांच्याकडे येऊन राहिले होते. मराठे यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. शास्त्रं पचवून अस्पृश्यतेच्या विरोधात उभा राहिलेला हा पंडित मराठी विश्वकोशाचा प्रमुख संपादक झाला आणि विश्वकोशाचं काम वाईतूनच चाललं. पहिला खंड १९७६ साली निघाला, एकूण वीस झाले. जगभरचं ज्ञान मराठीत आणण्याचा हा उद्योग या छोट्या गावात नदीकाठी बसून झाला, याचा मला फार अभिमान वाटतो.

(दृश्य: मेणवलीचा घाट, वडाच्या सावलीतलं पाणी. मग घंटा.)

वाईहून थोडंच पुढे मेणवली. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, आणि मागच्या बाजूला नदीत उतरणारा घाट. मेणेश्वराच्या देवळाशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन नीट पाहा. तिच्यावर आकडा आहे १७०७, आणि कडेवर बाळ घेतलेली एक आई. ती मेरी, बाळ येशू. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा हिचीच बहीण. हिच्यावरची आई कुणी पुसली नाही, खरवडली नाही.

घंटेला हलकेच हात लावला, तरी नाद पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जातो.

(दृश्य: पुन्हा गणपती आळी. संध्याकाळ. आरती संपलेली.)

परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा घाटावर टेकलो. दिवे लागले होते. एक वयस्क बाई जपून पायऱ्या उतरल्या, शेवटच्या पायरीवर बसल्या. पाण्यात एक पिशवी तरंगत होती. त्यांनी ती ओढून घेतली, पिळली, आपल्या शेजारी ठेवली. मग पदर डोक्यावरून घेतला, ओंजळ भरली, ते पाणी डोळ्यांना लावलं. बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

उठताना त्यांनी पिशवी आठवणीनं उचलली, आणि भिंतीच्या त्या टोकाला वळसा घालून आळीत दिसेनाशा झाल्या.