गाडीचा पिकअप, आणि त्याआधीचं बरंच काही

(दृश्य: तुर्भे एमआयडीसी. पत्र्याची शेड, बॉनेट उघडलेली हॅचबॅक. लॅपटॉपची वायर डॅशबोर्डखाली गेलेली.)

ठाण्यात वागळे इस्टेट. खाडीपलीकडे रबाळे, महापे, तुर्भे. या पट्ट्यातल्या गॅरेजमध्ये शनिवारी गेलात, तर सर्व्हिसिंगच्या गाड्यांमध्ये एखादी वेगळ्याच कामासाठी आलेली असते. स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी. आठवडाभर ऑफिसला जाणारी, मुलांना क्लासला सोडणारी गाडी. मालकाची मागणी एकच: "मेस्त्री, पिकअप वाढवायचाय."

तो वाढवायच्या वाटा बऱ्याच आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. घोडबंदर रोडला किंवा सायन-पनवेल हायवेला रोज चालणाऱ्या गाडीवर पैसे घालायचे असतील, तर सुरुवात चाकांपासून करावी आणि इंजिनाला सगळ्यात शेवटी हात लावावा.

पण नजर सगळ्यांची इंजिनावरच असते, तेव्हा आधी तिकडेच जाऊ.

(दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर आकड्यांचा तक्ता.)

इंधन किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, टर्बोने (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याने) किती दाब आणायचा, हे आजच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक ठरवतो. त्याच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात, त्यांना म्हणतात मॅप. ते बदलले की झालं रिमॅप. कंपनी मॅप बनवताना हात राखूनच बनवते. तीच गाडी लडाखच्या थंडीत सुरू व्हायला हवी, नागपूरच्या मे महिन्यात तापता कामा नये, हलक्या पेट्रोलवर चालायला हवी, धुराच्या चाचणीत बसायला हवी. ही राखलेली जागा रिमॅप करणारा वापरतो. टर्बो असेल तर ताकद १५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. टर्बो नसलेल्या साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात मात्र जेमतेम चार-पाच टक्के. आत येणारी हवा तेवढीच, मग नुसते आकडे बदलून ताकद आणणार कुठून?

आणि आलेली ताकद पुढे कुणीतरी झेलावी लागते. पोलो जीटी टीएसआयचं उदाहरण घ्या. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला. म्हणजे मधे जागा आहे. जाणता माणूस त्या हद्दीच्या बराच अलीकडे थांबतो. ज्याला फक्त आकडा दाखवायचाय, तो हद्दीला टेकवतो, आणि पुढे क्लचचा खर्च मालकाच्या माथी येतो.

फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनाबद्दल तर एक समज अजून पक्का आहे. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) होतं, सियाझमध्ये ९० पीएसचं. मग लोक म्हणतात, इंजिन तेच, कंपनीने सॉफ्टवेअरने अडवून ठेवलंय. तसं नाही. ९० पीएसवाल्याला वेगळा, आतली पाती फिरवून दाब सांभाळणारा टर्बो होता. ७५ पीएसच्या छोट्या टर्बोकडून तेवढंच काम करून घेतलं, तर तो जास्त तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

रिमॅपचा स्वस्तातला भाऊ म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. तो ईसीयूला हात लावत नाही, सेन्सरकडून येणारा सिग्नल मधल्या मधे बदलून इंजिनाला फसवतो. काढून ठेवता येतो म्हणून लोकांना आवडतो. पण ज्या सेन्सरच्या भरवशावर इंजिन स्वतःला वाचवतं, त्यालाच खोटं बोलायला लावणं आम्हाला पटत नाही.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करायला हवा. एप्रिलमध्ये दुपारी कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगत गेलं की टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापून जातो, आत जाणारी हवा गरम होते आणि पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याचा धोका वाढतो. ईसीयू लगेच स्पार्क थोडा उशिरा द्यायला लागतो. विकत घेतलेली ताकद त्याच वेळी गायब होते.

(दृश्य: एअर फिल्टरचा डबा काढून बसवलेला कोन फिल्टर. रेस दिल्यावर येणारा मोठा आवाज.)

दुसरी वाट इंजिनाला मोकळा श्वास द्यायची. कंपनीचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावतात. आवाज खणखणीत येतो, त्यामुळे गाडी पळतेय असं वाटतं. पण हा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. ३५ अंशांच्या हवेपेक्षा ६० अंशांची हवा सुमारे साडेसात टक्के विरळ असते. काहीजण मग पाइप खाली बंपरपाशी नेतात, थंड हवेसाठी. उन्हाळ्यात ठीक. जुलैत वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबलं की तोच पाइप पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडण्यावाचून पर्याय राहत नाही.

सायलेन्सर कापून सरळ पाइप टाकणाऱ्यांबद्दल आम्हाला चीड आहे, ती लपवणार नाही. साध्या इंजिनाला त्यातून नावापुरती ताकद मिळते आणि पाम बीच रोडलगतच्या सोसायट्यांत रात्री साडेअकराला झोपलेलं लेकरू दचकून उठतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं त्याहून वाईट. धुरातले विषारी वायू कमी घातक करणारी मुख्य वस्तू, तीच भंगारात विकायची.

(दृश्य: गाडी जॅकवर. चाक काढलेलं. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीत.)

आता चाकांकडे या.

आत बसलेला पोऱ्या पेडलवर पाय ठेवून आहे. खाली वाकलेला मेस्त्री पाना फिरवतो आणि हाक देतो: "दाब... धर... सोड." नळीतून ब्रेक ऑइल येतं. आधी कोऱ्या चहासारखं काळपट, बुडबुड्यांसकट. पुन्हा "दाब... धर... सोड." हळूहळू फिकट होत होत शेवटी स्वच्छ पिवळसर धार लागते. मेस्त्री निपल घट्ट करतो आणि पुढच्या चाकाकडे सरकतो.

हे कामही परफॉर्मन्सचंच, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत ओलीला तोटा नाही. ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की ती हद्द १५५ अंशांच्या आसपास येऊ शकते. भरल्या गाडीने माळशेज घाट उतरताना सतत ब्रेक दाबला तर ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. शिवाय वेगाचं गणित चौपटीचं असतं. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट. ८० वरून १०० वर गेलात तरी ब्रेकवरचा भार ५६ टक्क्यांनी वाढतो. रिमॅप करणाऱ्या किती जणांनी आधी पॅड बदलले, हे गॅरेजमध्ये एकदा विचारून बघा.

मग टायर. गाडीचं जमिनीशी नातं तळहाताएवढ्या चार तुकड्यांचं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक दिसली तरी एवढं जुनं रबर कडक झालेलं असतं आणि पहिल्या पावसात घसरतं. साइज बदलायची तर बाहेरचा व्यास सांभाळायचा. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१ मिलिमीटरच्या पुढे जेमतेम, आणि १९५/५५ आर १६ चाही जवळपास तेवढाच. म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जी साइज देते, ती घेणं सगळ्यात सोपं.

सस्पेन्शनचं थोडक्यात. छोट्या स्प्रिंग टाकून गाडी बसवली की ती देखणी दिसते, हे खरंय. पण मेट्रोच्या कामाने उखडलेल्या घोडबंदर रोडवर ती आपटत जाते. त्यापेक्षा उंची तीच ठेवून चांगले शॉकअॅब्सॉर्बर, झिजलेले बुश, लिंक रॉड बदलले आणि नीट अलाइनमेंट केली, तर जुनी गाडी वळणावर नव्याने भेटते. मॉडिफिकेशन न म्हणवणारं हे मॉडिफिकेशन आम्हाला सगळ्यात प्रिय आहे.

(दृश्य: आरसीचं स्मार्ट कार्ड.)

कायद्याचं कलम माहीत हवं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर नोंदलेला कंपनीचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि विम्याच्या क्लेमचा प्रश्न त्याहून वेगळा. रिमॅपआधी या तिन्ही गोष्टी विचारा, आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधीचा व नंतरचा असे दोन्ही आलेख हातात मागा.

(दृश्य: अटल सेतू, वेगमर्यादेची पाटी.)

एवढं सगळं करून पळवायची कुठे? जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही कारला मर्यादा १०० ची आहे, वर कॅमेरे आहेत. पाम बीच रोड सरळ दिसतो, पण तो लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा रस्ता आहे. गाडी खरोखर ताणायची असेल तर सुट्टी काढून कोइमतूर गाठा. तिथे कारी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा ट्रॅक. हेल्मेट घ्या, निघण्याआधी ब्रेक ऑइल बदला, आणि डिकीत पॅडचा एक जादा सेट टाका. ट्रॅकवर आधी तेच संपतात.