९७ आणि १०७२

(दृश्य: नाशिक, रविवार कारंजाजवळची गल्ली. डीटीपीचं दुकान, शटर अर्धं वर.)

द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स. काकांकडे आता सगळं काम मेलवर येतं. आज पहिलाच मेल उघडला तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. काका बिचकत नाहीत. "फॉन्ट नसेल आपल्याकडे," म्हणतात आणि चहा उचलतात.

ही सवय जुनी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच आकडा देणारी पद्धत, रुळण्याआधी श्रीलिपी फॉन्टमधली पत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला व्हायचा. फॉन्ट टाकला की मजकूर जागेवर. तेव्हापासून मनात पक्कं बसलंय, अक्षर बिघडलं तर दोष फॉन्टचा, पाठवणाऱ्याचा नाही. स्पॅमवाल्याला याहून काय हवं?

तरी चौकोनांचा मेल बऱ्याचदा बापुडाच असतो. धास्ती घ्यावी ती त्याच्या खालच्या मेलची. नेहमीच्या निर्यातदाराचं नाव, नेहमीचा पत्ता, 'लेबलचा नमुना जोडला आहे'. सगळं कसं स्वच्छ.

(दृश्य: पत्त्यातलं एकच अक्षर मोठं होत जातं.)

हा इंग्रजी छोटा 'ए'. निदान दिसतो तरी तसा. कॉम्प्युटर मात्र रूप बघत नाही, आकडा बघतो. इंग्रजी 'ए'चा आकडा ९७. रशियन लिपीत अगदी याच तोंडवळ्याचं अक्षर आहे, त्याचा १०७२. डोळ्याला पत्ता तोच, मशीनला परका. २०१७ साली एका संशोधकाने ॲपलच्या नावासारखं अख्खं नाव याच लिपीतल्या अक्षरांत वेबपत्ता म्हणून नोंदवलं. क्रोम आणि फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ते हुबेहूब ॲपल दिसत होतं. असा पत्ता मशीनच्या रूपात उलगडला, की सुरुवातीला 'एक्सएन' आणि दोन डॅश दिसतात. पण उलगडून बघतो कोण?

काही चिन्हं तर दिसतच नाहीत. 'पासवर्ड' शब्दाच्या पोटात शून्य रुंदीचं चिन्ह घुसवलं की वाचणाऱ्याला फरक कळत नाही, पण शब्द शोधणारी साधी चाळणी फसते. मग गाळून टाका की सरसकट! तेही जमत नाही. आपल्या 'दुसर्‍या'मधला चंद्रकोरीसारखा र बऱ्याच ठिकाणी अशाच अदृश्य जोडचिन्हाने उमटतो. चोराचं हत्यार आपल्याच स्वयंपाकघरातलं.

(दृश्य: जोडलेल्या फाइलवर कर्सर.)

फाइलच्या नावाचं टोक म्हणतंय 'जेपीजी', म्हणजे फोटो. पण नावाच्या मध्ये उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून लिहायच्या लिप्यांसाठीचं एक चिन्ह दडवलंय. त्याच्या पुढची अक्षरं पडद्यावर उलटी मांडली जातात. खरं टोक आहे 'ईएक्सई'. फोटो नव्हे, चालणारा प्रोग्राम.

"काका, उघडू का?" दुकानातला पोरगा विचारतो.

"थांब जरा."

काका खणातून जुनं बिलबुक काढतात. मेलमधला नंबर बाजूला ठेवून बिलावरचा लावतात. पलीकडे पॅकहाउसचा गलबला.

"कुठलं लेबल?" निर्यातदार विचारतो. "यंदा तर अजून छाटणीच चाललीय."