‘शौर्याबद्दल’: एका पदकामागचं रणांगण

मंडळी, आज ज्या पदकाबद्दल बोलायचं आहे ते सोव्हिएत सैन्याचं ‘झा अत्वागू’, म्हणजे ‘शौर्याबद्दल’. चांदीचं, 37 मिलिमीटर व्यासाचं. वर तीन विमानं, खाली रणगाडा, मागे क्रमांक. 1938 मध्ये ते सुरू झालं आणि महायुद्धात चाळीस लाखांहून अधिक दिली गेली. एवढी दिली म्हणून बरेच संग्राहक त्याला किरकोळ समजतात. मला ते अजिबात मान्य नाही. लढाईत स्वतः जिवावर उदार होऊन काही केलं, तरच हे पदक छातीवर लागायचं.

माझ्या एका रशियन स्नेह्याच्या आजोबांना ते एप्रिल 1945 मधल्या कामगिरीसाठी मिळालं. जनरल चुइकोव्ह यांच्या आठव्या गार्ड्स आर्मीतल्या एका रायफल रेजिमेंटमध्ये ते टेलिफोनचे लाइनमन होते. त्यांचं नाव मी घेणार नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

पदकाच्या मागचा क्रमांक टाकला की माणूस सापडेल, असं सगळ्यांनाच वाटतं. तसं होत नाही. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने 2010 मध्ये ‘पोद्विग नरोदा’ हे संकेतस्थळ सुरू केलं, तिथे सन्मानांचे मूळ कागद पाहायला मिळतात. पण शोधायचं नावावरून. नोव्हेंबर 1942 पासून हे पदक देण्याचा अधिकार रेजिमेंटच्या कमांडरकडे आला. त्यामुळे मोठ्या सन्मानांसारखं स्वतंत्र शिफारसपत्र याला बहुधा नसतं. एकाच आदेशात अनेक सैनिक आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार ओळी. आमच्या लाइनमनच्या ओळींचा आशय एवढाच, की बर्लिनच्या वाटेवरच्या झेलोच्या लढाईत तोफांच्या माऱ्याखाली तुटलेली तार त्यांनी पुन्हा पुन्हा जोडली आणि बटालियनचा संपर्क टिकवला.

नातवाचं यावर समाधान होईना. आजोबा नेमके कुठे होते, हे त्याला हवं होतं. ‘पाम्यात नरोदा’ या दुसऱ्या संकेतस्थळावर तुकड्यांच्या युद्धनोंदी आणि नकाशे आहेत, ते आम्ही आदेशाशेजारी ठेवून वाचले. इथे सांभाळायच्या दोन गोष्टी सांगतो. आदेशावरची तारीख ही पराक्रमाची तारीख नसते, ती नंतरची असते. आणि वेळ मॉस्कोची असते: 16 एप्रिलला पहाटे पाचला तोफा सुरू झाल्या असं सोव्हिएत कागद सांगतात, तेव्हा बर्लिनच्या घड्याळात तीन वाजले होते.

मग आम्ही झेलोला गेलो. बर्लिनच्या पूर्वेला साधारण सत्तर किलोमीटरवर ही टेकाडांची रांग आहे. कागदावर ‘झेलोची उंची’ असं वाचून डोळ्यांसमोर डोंगर उभा राहतो. प्रत्यक्षात चढ जेमतेम पन्नास मीटरचा. पण त्याच्या पायथ्याशी ओडर नदीपर्यंत पसरलेला ओडरब्रुख पाहिला आणि मी गप्प झालो. तळहातासारखी सपाट जमीन. अठराव्या शतकात दलदल उपसून काढलेली शेतं आणि पाणी वाहून नेणारे चर. त्या एप्रिलमध्ये तर पुराच्या पाण्याने सगळा चिखल झाला होता. वर बसलेल्या जर्मन तोफखान्याला खालचा प्रत्येक माणूस दिसत असणार. पहाटेच्या अंधारात हल्ल्याचे सोव्हिएत सेनापती झुकोव्ह यांनी 143 सर्चलाइट लावले, पण धूर आणि धुळीमुळे ते उजेड सोव्हिएत सैनिकांच्याच डोळ्यांवर परतले. त्यात जर्मन सेनापती जनरल हाइनरिची यांनी आपली बरीचशी माणसं पुढच्या खंदकांतून आधीच मागे घेतली होती, त्यामुळे तोफांचा पहिला प्रचंड मारा मोठ्या प्रमाणात रिकाम्या खंदकांवर पडला.

आदेशातली ओळ मला कळली ती मात्र रस्त्यावर उभं राहिल्यावर. चिखलामुळे रणगाड्यांना शेतातून जाता येईना, त्यांना मोजके उंच रस्तेच उरले. टेकाडं ताब्यात येत नाहीत म्हणून झुकोव्ह यांनी दुपारी कातुकोव्ह यांचं रणगाडा सैन्य लढाईत घातलं आणि त्याच रस्त्यांवर चुइकोव्ह यांच्या पायदळाची, तोफखान्याची नि गाड्यांची कोंडी झाली. टेलिफोनची तार जमिनीवरूनच जाते. माझी खात्री आहे, की ती नुसत्या जर्मन गोळ्यांनी तुटली नसणार. आपल्याच रणगाड्यांचे पट्टेही तिच्यावरून गेले असणार. आदेशात याचा उल्लेख नाही, असणारही नाही. तार कुठे तुटली हे शोधायचं म्हणजे ती हातात धरून चालत जायचं, चरातून, उघड्यावर, त्या सगळ्या गर्दीच्या मधून. आजोबांनी हे दिवसभर केलं.

कुणाला जायचं असेल तर आवर्जून सांगतो: मेटल डिटेक्टर नेऊ नका. विनापरवाना खोदकाम बेकायदा आहे आणि त्या मातीत न फुटलेला दारूगोळा अजून सापडतो. माणसंही सापडतात; सोव्हिएत सैनिकांचे अवशेष मिळाले की त्यांना लेबुसच्या सैनिकी दफनभूमीत पुरतात. झेलोमधलं युद्धसंग्रहालय आधी पाहा, मग नकाशा घेऊन पायी फिरा.

आमच्या शोधातला एक दुवा अजून बाकी आहे. पदकाबरोबर मिळालेली पुस्तिका घरातून हरवली, त्यामुळे मागचा क्रमांक आजोबांचाच, हे कागदावर सिद्ध झालेलं नाही. मॉस्कोजवळच्या पोडोल्स्कच्या सैनिकी अभिलेखागारात सन्मानित सैनिकांची नोंदपत्रकं असतात आणि त्यांवर क्रमांक लिहिलेले असतात. नातवाने तिकडे अर्ज केला आहे.